कप मिळाला की येतो

खैतान, कुवेत
शुक्रवार, ६ डिसेंबर २०२४

प्रिय प्रभा,

रोज फोनवर बोलतो, मग हे पत्राचं खूळ कशाला, म्हणशील. अगं, फोन तू उचललास की आई लगेच स्पीकर लावते आणि अख्खी वाडी मला विचारते, "पोरा, जेवलास काय?" इकडे खोलीत आम्ही सहा जण, पैकी पाचांचे कान माझ्या फोनाला चिकटलेले. त्यात बायकोशी बोलणार काय, कपाळ! त्यापेक्षा लग्नानंतरची आपली जुनी रीतच बरी. जाणारा येणारा सापडला की त्याच्या हाती पत्र. तौफीक उद्या रजेवर निघालाय. त्याच्याकडे हे, स्वराचे बूट आणि आईचं गुडघ्याचं मलम दिलंय.

आता मुद्द्याचं. अर्धा सीझन झाला आणि आपले आंबेकोंड इलेव्हन टेबलात पहिले आहेत. गंमत नाही. सुलैबियाच्या ग्राउंडवर शुक्रवारी सकाळी आपली निळी जर्सी दिसली की समोरचे कुजबुजायला लागतात. यंदा कप आपला, असं इथला भाजीवालासुद्धा म्हणतो.

पण दृष्ट लागली. काशिनाथदाचा गुडघा गेला. कॅच घ्यायला धावला आणि वाळूत पाय मुरगळून बसला तो उठलाच नाही. आता ओपनिंगला कोण? आपल्याकडे बॉलर चिक्कार, पण चेंडू रस्त्यापार मारणारा तो एकटा होता.

इथे एक नियम आहे. अर्धा सीझन झाल्यावर जानेवारीच्या पहिल्या शुक्रवारपर्यंत दोन संघांना खेळाडूंची अदलाबदल करता येते. दोन्ही कॅप्टननी सह्या करायच्या, आणि मग तो सीझन संपेपर्यंत मागे फिरायचं नाही. एगैला इलेव्हन म्हणून एक संघ आहे. सगळे पुण्या-मुंबईकडचे, बँकेतले नि कॉम्प्युटरवाले, बायकापोरांसकट फ्लॅटमध्ये राहणारे. त्यांचा कॅप्टन अरुणकुमार यंदा खाली आहे, म्हणून तो पुढच्या वर्षांचा विचार करतोय. त्यांच्याकडे धैर्यशील नावाचा बॅट्समन आहे, काय मारतो म्हणून सांगू! त्याला ते आम्हाला द्यायला तयार आहेत. बदल्यात आमची दोन कोवळी पोरं मागतात.

पोरं चांगली आहेत. दोन वर्षांनी लीग गाजवतील. पण मला कप यंदा हवाय. तुझं काय मत? कोणती पोरं ते विचारू नकोस, नावं सांगून तुला काय कळणार.

तुझा,
शत्रुघ्न


आंबेकोंड
१६ डिसेंबर

कॅप्टनसाहेब यांस,

बूट पोचले. एक नंबर लहान. पोरगी वाढते हे तुम्हाला कोण सांगणार? मीच सांगते, स्वरा माझ्या खांद्याला लागलीय.

क्रिकेटमधलं मला कळत नाही असं समजून विचारलंत, तरी सांगते. द्या ती दोन पोरं. हातचं राखून कुणाचं भलं झालंय? स्वरा पोटात होती तेव्हा रत्नागिरीच्या स्टँडवर तुम्ही काय म्हणाला होतात, आठवतं? मी रडत होते आणि तुम्हाला हसवायचं होतं. म्हणालात, "रडतेस काय, यंदा कप मिळाला की येतो, कायमचा." तेव्हा मी हसलेसुद्धा. आता स्वरा सातवीत आहे आणि तुम्ही अजून दरवर्षी तेच म्हणता. दोन वर्षांनी महिनाभर येता, पाहुण्यासारखे बसता, पंखा पुसता नि जाता.

घर बांधलं तेव्हा हॉलमधल्या शोकेसचा वरचा खण तुम्ही कपासाठी मोकळा ठेवायला लावलात. तिथे आईंच्या पानाचा डबा आणि औषधाच्या बाटल्या आहेत. एकदाचं ते सगळं तिथून हलवायची पाळी आणा.

त्या पोरांच्या आया-बहिणी माझ्या नावाने बोटं मोडतील, तर मोडू देत. पोरं काय, उद्या दुसरी उगवतील. मला माझा नवरा हवाय. झालं माझं मत.

मुकेशवर लक्ष असू द्या. माझा एकुलता एक भाऊ तुमच्या भरवशावर तिकडे धाडलाय. भाऊबीजेला पाट मांडला आणि भाऊ नाही म्हणून चंद्राला ओवाळलं. चंद्र काय ओवाळणी घालणार! त्याला सांगा, ताईची राहिलीय म्हणून. कुळथाचं पीठ पाठवलंय, तो पिठीवर जीव टाकतो. तुम्ही संपवू नका.

प्रभा


खैतान
शुक्रवार, ३ जानेवारी २०२५

प्रिय प्रभा,

घाईत लिहितोय. काशिनाथदा गुडघा घेऊन गावी निघालाय, त्याच्या हाती देतोय.

तुझ्या सांगण्याप्रमाणे केलं. आज सह्या झाल्या, धैर्यशील आपल्याकडे आला. तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि मग धीर झाला, खोटं नाही सांगत. सकाळी त्याला खेळवला. पहिल्याच ओव्हरला असा एक हाणला की चेंडू कुंपणापलीकडच्या रस्त्यावर ट्रकमध्ये पडला आणि ट्रक निघून गेला. सगळे पोट धरून हसत होते. मी पण हसलो.

थंडी मी म्हणतेय. ग्राउंडवर खेळपट्टीची चटई अंथरताना बोटं चालत नाहीत. मुकेश बरा आहे. पिठी त्याच्याचसाठी ठेवलीय. हल्ली जरा गप्प असतो, थंडीचे दिवस आहेत.

यंदा खरंच येतो बघ.

शत्रुघ्न


आंबेकोंड
१२ जानेवारी

यांस,

काल रात्री मुकेशचा फोन आला. मी सहज विचारलं, मॅच काय म्हणते रे? तर म्हणाला, "कुठल्या संघाची ताई? मी आता एगैलात आहे."

मला आधी कळेचना. मग कळलं. आणि कळल्यावर मी चुलीपुढे तशीच बसून राहिले, भात करपला तरी.

नावं सांगून तुला काय कळणार, नाही का? किती सोपं केलंत! भोळ्या बायकोला विचारायचं, तिच्याच तोंडून "द्या" म्हणून वदवून घ्यायचं आणि तिच्याच भावाला नेऊन दुसऱ्याच्या दारात बांधायचं. वर लिहायचं, "तुझ्या सांगण्याप्रमाणे केलं." मी लिहिलं होतं की त्यांच्या बहिणी बोटं मोडतील. मोडतेय मी. माझ्याच नावाने मोडतेय.

आमच्या आईने जाताना त्याचा हात तुमच्या हातात दिला होता. भात कापून झाल्यावर खालच्या मळ्यात तुम्हीच त्याला बॉल धरायला शिकवलंत. रजेवर आलात की तुम्ही बायकोआधी त्याला हाक मारायचात. आणि तोच पोरगा तुम्हाला सुट्टे म्हणून चालला? तो रडला नाही फोनवर. रडला असता तर बरं झालं असतं. उलट मलाच सांगत होता, "भावोजींना काही बोलू नकोस, त्यांना कप हवाय."

त्याला काय सांगू? की मीच हो म्हणाले?

हे पत्र तौफीकच्या हाती देतेय. त्याला सांगितलंय, हातात दे. तोंडावर मार म्हणणार होते, पण माणूस भला आहे.

प्रभा


खैतान
शुक्रवार, २४ जानेवारी

प्रिय प्रभा,

तुझं पत्र जिन्यात उभ्याने वाचलं. खोलीत मुकेश होता. खाटा समोरासमोर आहेत आमच्या, संघ बदलला म्हणून खोली बदलत नाही.

नाव मुद्दाम लिहिलं नाही. लिहिलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस आणि मला हो हवं होतं. बस, एवढंच खरं आहे, त्यात आणखी काही शोधू नकोस.

दुसरी दोन पोरं देतो म्हटलं होतं मी. अरुणकुमार हसला. म्हणाला, "शत्रुघ्न, तुला आज हवाय आणि मला उद्या. यात भांडण कुठे आहे? पण मुकेश नसेल तर राहू दे." दोन आठवडे मी तंगवलं. मग तुझं पत्र आलं.

मुकेशला मी ग्राउंडवरच सांगितलं, चटई गुंडाळताना. त्याने मान वर केली नाही. "बरं, भावोजी," म्हणाला आणि चटई इतकी घट्ट गुंडाळली की मला दोरी बांधता येईना. रात्री झोपायला गेलो तर माझ्या उशीवर त्याची निळी जर्सी होती, धुऊन, घडी करून. त्याच्याबरोबर दिलेला दुसरा पोरगा तर खूश आहे, फ्लॅटवाल्यांच्यात जायला मिळालं म्हणून. मुकेशचं तसं नाही, ते मला कळतं.

तिकडे त्याचं बरं चाललंय हे मात्र खरं. शुक्रवारी मॅच झाली की अरुणकुमार त्याला एगैलाला घरी नेतो. त्याची बायको मेधावहिनी गरम पोळ्या वाढते. त्यांचा मुलगा आर्यन मराठीत विचारलं की इंग्रजीत उत्तर देतो, त्याला मुकेश म्हणे "चल, धाव, हाण" एवढं मराठी शिकवतोय. आल्यावर मी विचारतो, जेवलास? तो म्हणतो, जेवलो. मग आम्ही दोघं आपापल्या फोनमध्ये बघत बसतो. पिठीचा डबा तसाच आहे, कुणीच उघडला नाही.

तू विचारशील, कपाचं एवढं काय वेड? तर सांगतो. फोनवर हे कधी सांगता आलं नसतं. सहा दिवस मी दुसऱ्यांच्या गच्चीवर एसीच्या पाइपांत हात घालून असतो. कुणी "ओ मिस्त्री" म्हणतं, कुणी तेही म्हणत नाही, नुसतं बोट दाखवतं. पण शुक्रवारी मी कॅप्टन असतो. मी हात वर केला की फिल्डर हलतात. गावी आलो की मी कोण? कुवेतवाला. पाहुणा. दोन दिवस सगळे भेटायला येतात, तिसऱ्या दिवशी विचारतात, परत कधी? तू मागे लिहिलंस ना, पंखा पुसतो म्हणून. मला दुसरं काम माहीतच नाही त्या घरात. रिकाम्या हाताने कायमचा आलो तर काय करू मी तिथे? कप असला तर निदान लोक म्हणतील, काहीतरी करून आला.

हे वाचून हसू नकोस.

शत्रुघ्न


आंबेकोंड
६ फेब्रुवारी

स्वराच्या बाबांस,

हसले नाही. पत्र तांदळाच्या डब्यात ठेवलं, आईंना सापडू नये म्हणून, आणि रोज भात लावताना एकदा वाचलं.

राग गेला असं समजू नका. तो आपल्या जागी आहे. पण तुम्ही गच्चीवर बोट दाखवतात ते लिहिलंत ना, त्या ओळीशी मी अडते. इतक्या वर्षांत हे मला का नाही सांगितलंत? मला वाटायचं, माणूस तिकडे रमलाय. आम्ही इकडे आंब्याला मोहोर किती, आईंचा बीपी किती, एवढंच सांगत राहिलो. तुम्ही "सगळं मजेत" म्हणत राहिलात. दोघंही शहाणे.

पंखा पुसता म्हणून मी टोमणा मारला होता. तो परत घेते. खरं सांगू? तुम्ही गेल्यावर मी तो पंखा महिनाभर पुसत नाही.

आता एक विचारते, नीट उत्तर द्या. कप न घेता घरी येता येत नाही का? दरवर्षी एक वर्ष देऊन तुम्ही एक कप मागता. वर्ष जातं, कप येत नाही. या अदलाबदलीत तोटा कुणाचा होतोय तो तुमच्या लीगला दिसत नसेल, मला दिसतो. मुकेश दिलात तो सीझनपुरता दिलात, पुढच्या वर्षी मागता येईल. स्वराची वर्षं कुठल्या नियमाने परत मागणार आहात?

तिने नवीन खूळ घेतलंय. शाळेतून आली की खालच्या मळ्यात तीन काटक्या रोवते आणि बॉलिंग टाकते. काशिनाथभावोजी काठी टेकत बघायला जातात. म्हणतात, पोरीच्या हातात वेग आहे, पण कोपर वाकतं, फेकते ती. मी म्हटलं, मग शिकवा. म्हणतात, "मला मारायचं माहीत, टाकायचं नाही. तिचा बाप हवा."

फायनलला पोचलात तर मुकेशला आधी जेवायला घाला. पिठी करा. डबा तुम्हीच उघडा.

प्रभा


खैतान
शुक्रवार, २८ फेब्रुवारी

प्रिय प्रभा,

हरलो.

फोनवर तुला एवढंच सांगितलं आणि ठेवला. आता सगळं लिहितो. उद्यापासून रोजे सुरू होतील, हमीदभाई ईदपर्यंत गावी राहायला निघालाय, त्याच्या हाती देतोय.

फायनल पंचवीस तारखेला, नॅशनल डेच्या सुट्टीत ठेवली होती. आम्ही खूश, सलग सुट्ट्या, सगळ्यांना वेळ. समोर कोण आलं असेल? एगैला! ती दोन पोरं गेल्यावर ते एकही मॅच हरले नाहीत, चौथ्या नंबरावरून कसेबसे आत शिरले आणि सेमीफायनल मारून थेट आमच्यासमोर. तरी मला भीती नव्हती. धैर्यशील होता ना.

तर फायनलच्या आठवडाभर आधी धैर्यशील म्हणतो, "शत्रुघ्नदादा, पंचवीसला मी नाही. फॅमिलीबरोबर जॉर्जियाला चाललोय, तिकिटं केव्हाच काढलीत." मी म्हटलं, अरे फायनल आहे! तो म्हणाला, "लाँग वीकेंड आहे, दादा. मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल." प्रभा, आमच्या डोक्यातच आलं नाही! आम्हा खोलीवाल्यांना सुट्टी म्हणजे क्रिकेट. ज्याची बायकापोरं जवळ आहेत तो सुट्टीत त्यांना घेऊन फिरायला जातो, हे आमच्या सहा जणांतल्या एकालाही सुचलं नाही. अरुणकुमारला माहीत होतं की नाही, देव जाणे. असेल तर मूर्ख मीच ठरलो. धैर्यशीलला मी चिडून काही बोललो नाही. बायकोपोरीला घेऊन कुठे जायचं असतं हे मी विसरलोय, यात त्याचा काय दोष?

आदल्या रात्री मी पिठी केली. डबा मी उघडला. मुकेशला म्हटलं, ये. तो आला, दोन वाट्या प्यायला. म्हणाला, "ताईसारखी नाही झाली." मी म्हटलं, "नाहीच होणार." इतकं बोललो आम्ही, बऱ्याच दिवसांनी.

मॅच शेवटच्या चेंडूवर आली. चार हवे होते, मी स्ट्राइकवर, आणि बॉल मुकेशच्या हातात. तुला माहीत आहे तो चेंडू. हात जोरात फिरवायचा आणि बोटांच्या मागून हळूच सोडायचा. खालच्या मळ्यात मी त्याला शिकवलेला. मी मनात म्हटलं, हा तो टाकणार नाही, मी ओळखतो हे याला माहीत आहे. त्याने तोच टाकला. मी बॅट कधीच फिरवून मोकळा झालो होतो, आणि मग चेंडू सावकाश आला आणि माझा मधला स्टंप घेऊन गेला.

राग नाही आला म्हटलं तर खोटं होईल. आला. इतका आला की डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याच वेळी वाटलं, काय टाकला पोराने! एगैलावाले सगळे त्याच्या अंगावर उड्या घेत होते. तो त्यांच्यातून निसटून माझा पडलेला स्टंप सरळ करत होता. माझ्याकडे बघितलं नाही. त्यानंतर खोलीवर कमी असतो, त्या लोकांकडे जातो. माझं तोंड बघायचं नसेल.

तू विचारलं होतंस, कपाशिवाय येता येत नाही का. या वेळी उत्तर द्यायचं ठरवलं होतं. पण बघ, हात पुन्हा तेच लिहितोय. पुढच्या वर्षी बघू. कप मिळाला की येतो.

शत्रुघ्न


आंबेकोंड
२० मार्च

अहो,

हमीदभाई आले. एका हातात तुमचं पत्र आणि डोक्यावर हे एवढं खोकं. मला वाटलं कुकर. पत्र आधी वाचलं, रडले, डोळे पुसले आणि खोकं उघडलं. आत कुवेतचं ब्लँकेट. ब्लँकेट उलगडलं तर आत कप!

हो, तोच. तुमचा. म्हणजे एगैलाचा. म्हणजे आता आमचा.

मुकेशला व्हिडिओ कॉल लावला. कधी नव्हे तो लाजत होता. फायनल झाल्यावर त्या अरुणकुमारांनी विचारलं म्हणे, तुझ्यामुळे जिंकलो, तुला काय देऊ? हा म्हणाला, "कप द्या. माझ्या ताईची भाऊबीजेची ओवाळणी राहिलीय." ते हसले, मग त्यांच्या लक्षात आलं की पोरगा गंमत करत नाही. म्हणाले, ने, पण नव्या सीझनच्या नारळाला, ऑक्टोबरात, परत आणून द्यायचा. तो खोलीवर नसायचा तो तुमच्यावर रुसून नव्हे, खोकं एगैलाला बांधायला जायचा. तुमच्यापासून लपवायचं होतं. तुम्ही आपले तोंड बघायचं नसेल म्हणून बसलात!

मी भर मार्चात पाट मांडला. पाटावर फोन उभा केला आणि भावाला ओवाळलं. चंद्रापेक्षा बरा दिसत होता. आई म्हणाल्या, "एवढ्या मोठ्या भांड्यात काय शिजवतात?" मग त्यांचा पानाचा डबा खाली आला आणि कप वरच्या खणात गेला.

शिमग्याची पालखी दारात आली तेव्हा काढून अंगणात ठेवला. सगळी वाडी विचारत होती, शत्रुघ्नाने जिंकला काय? मी काय बोलू? आईंनी सांगून टाकलं, "घरात आलाय, मग आमचाच." पालखी नाचवताना सगळ्यांची घरची माणसं होती. मुंबईहून आलेली, पुण्याहून आलेली. आपल्या दारात पालखीला खांदा द्यायला काशिनाथभावोजी पुढे झाले, त्या गुडघ्याने. मी बघू शकले नाही, आत गेले.

मुकेशने आणखी एक सांगितलं. म्हणाला, "ताई, भावोजी घरी का येत नाहीत ते मला इथे येऊन कळलं. तू त्यांना शुक्रवारी बघायला हवंस. चटईच्या टोकाशी उभे राहतात, नुसती मान हलवतात आणि अकरा माणसं फिरतात. आपल्या घरात ते असे कधी दिसले नाहीत." ऐकून मला मत्सर वाटला. माझ्या नवऱ्याला मी असं कधीच बघितलं नाही. गच्चीवर बोट दाखवणाऱ्यांनी बघितलं नाही ते बघितलं नाही, पण मी का नाही? माझा काय गुन्हा?

स्वराने काल कपाकडे बघून विचारलं, "हा बाबांनी जिंकला नाही, तर बाबा येणार नाहीत?" मी म्हटलं, बाबांनाच विचारते. उत्तर तुम्ही द्या.

मला कप कधीच नको होता हो. तुमच्या म्हणण्याखातर तो खण मोकळा ठेवला. तुम्ही काय करून आलात हे गावाला सांगायचं असेल तर मी सांगेन, घराच्या प्रत्येक चिऱ्यावर हात ठेवून सांगेन. पण येऊन राहा. सकाळी चहा द्यायला माणूस हवं, भांडायला माणूस हवं. मला पत्र लिहून भांडायचा कंटाळा आलाय. आणि मळ्यात एक पोरगी कोपर वाकवून बॉल टाकते, तिला सांगणारं कुणी नाही. तिथे कॅप्टन लागतो.

कप ऑक्टोबरपर्यंतच आहे. मग तुमच्याजवळ पुन्हा कारण येईल. त्याआधी या.

तुमचीच,
प्रभा


खैतान
शुक्रवार, २३ मे २०२५

प्रिय प्रभा,

दोन महिने तू फोनवर विचारत राहिलीस आणि मी "बघू, बघू" म्हणत राहिलो. मागच्या आठवड्यात तू चिडून फोन ठेवलास. ठेवू दिला. आईचा स्पीकर चालू होता, सांगितलं असतं तर वाडीला तुझ्याआधी कळलं असतं.

तुझं पत्र मिळालं त्याच आठवड्यात मी कंपनीत राजीनामा दिला. बदली माणूस मिळेपर्यंत सोडत नव्हते, परवा सोडलं. रजा नाही, कायमचं. भीती वाटते, लपवत नाही. पहिले काही दिवस मी पंखेच पुसेन, सांभाळून घे.

काल मुकेशने पिठी केली. तुझ्यासारखी नाही झाली. पुढच्या सीझनला तो आंबेकोंडकडे परत येऊ शकतो, अरुणकुमारने कुरकुर करत हो म्हटलंय. कप ऑक्टोबरात मुंबईहून कुणाच्या तरी हाती पाठवू. मी न्यायला जाणार नाही. मघाशी माझी जर्सी धुऊन, घडी करून त्याच्या उशीवर ठेवली. तो अंघोळीला गेलाय, अजून बघितली नाही.

स्वरासाठी बूट घेतलेत. दोन नंबर मोठे.

या वेळी हे पत्र हमीदभाईच्याही हाती नाही, तौफीकच्याही नाही. माझ्याच खिशात आहे. दारात तुझ्या हातात देईन, कारण तोंडाने मला यातलं एक अक्षर बोलता येणार नाही.

वाचून झालं असेल तर मान वर कर.

शत्रुघ्न